गाऱ्हाणे आणि शाळा : बोललेल्या शब्दाच्या शैक्षणिक मूल्याविषयी

१

'गाऱ्हाणे' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. घाटावरच्या मराठीत त्याचा रूढ अर्थ तक्रार असा आहे. कुळाने खोताविषयी किंवा रयतेने अंमलदाराविषयी कोणाकडे तरी दाद मागावी, ते गाऱ्हाणे. दक्षिण कोकणात मात्र या अर्थाखेरीज त्याला एक विशेष अर्थ आहे. शिमग्यात पालखी बाहेर पडण्यापूर्वी, जत्रेच्या प्रारंभी, पेरणीच्या किंवा एखाद्या संकटाच्या वेळी गावातील जाणता मनुष्य ग्रामदेवतेपुढे उभा राहून सर्व गावाच्या वतीने मोठ्याने जे निवेदन करतो, त्याला तेथे गाऱ्हाणे म्हणतात आणि त्या क्रियेला 'गाऱ्हाणे घालणे' म्हणतात. देवाजवळ मागणे मागण्याला आणि अधिकाऱ्याजवळ दाद मागण्याला लोकांनी एकच शब्द वापरावा, ही गोष्ट सहज घडलेली दिसत नाही. चारचौघांत उभे राहून, आपले म्हणणे नीट मांडून, ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्यापर्यंत ते पोचविणे, हे दोन्ही अर्थांमधले समान सूत्र आहे.

प्रस्तुत लेखात या एका मौखिक प्रकाराच्या आधाराने बोललेल्या भाषेच्या शैक्षणिक मूल्याचा विचार करावयाचा आहे. विवेचनासाठी रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील नाटे आणि त्याभोवतालचा टापू निवडला आहे. जैतापूरच्या खाडीलगतचे, यशवंतगडाच्या आश्रयाने वसलेले हे गाव. शेजारी साखरी नाटे ही मच्छीमारांची वस्ती, जवळच आंबोळगड आणि मुसाकाजीचे बंदर, आणि खाडीपलीकडे जैतापूर व माडबन. भाषेच्या दृष्टीने हा टापू संगमेश्वरी आणि मालवणी या दोन बोलींच्या संधिप्रदेशात मोडतो. येथे हिंदू शेतकऱ्यांची आणि मुसलमान मच्छीमारांची घरे एकमेकांच्या शेजारी आहेत आणि दर घरामागे कोणी ना कोणी मुंबईस चाकरीला गेलेला आहे. म्हणजे शाळेच्या एका वर्गात तीनचार तऱ्हांचे मराठी नांदते आणि शिक्षकाला त्या सर्वांशी गाठ घ्यावी लागते.

मौखिक परंपरेची शिफारस करताना आपल्याकडे सामान्यतः दोन कारणे दिली जातात. एक, ती नष्ट होत आहे म्हणून जतन करावी. दुसरे, ती लेखनाची पहिली पायरी आहे म्हणून लहान वर्गांत तिला जागा द्यावी. ही दोन्ही कारणे अपुरी आहेत. पहिल्याने ती संग्रहालयाची वस्तू ठरते आणि दुसऱ्याने मूल लिहू लागताच ती टाकून देण्याजोगी ठरते. बोलणे ही स्वतंत्र शिस्त असलेली रचना आहे, तिचे शिक्षण असते, तिची परीक्षा असते, आणि ती परीक्षा श्रोते घेतात, हा मुद्दा या दोन्ही शिफारशींत निसटतो. तो येथे मांडावयाचा आहे.

२

गाऱ्हाण्याची रचना बारकाईने पाहिली तर तिच्यात पाच अंगे स्पष्ट दिसतात. प्रारंभी संबोधन असते. ग्रामदेवतेला, तिच्या परिवारातील देवतांना, सीमेवरच्या राखणदाराला क्रमाने हाक घातली जाते आणि या क्रमात चूक चालत नाही. नंतर प्रसंगनिवेदन येते. आज कोणत्या कारणाने गाव जमले आहे ते सांगितले जाते. तिसरे अंग मागणीकर्त्याचे. गाऱ्हाणे एखाद्या कुटुंबासाठी असेल तर त्या कुटुंबाचा उल्लेख होतो, मुंबईस असलेल्या चाकरमान्यासाठी असेल तर तो परगावी असल्याचेही सांगितले जाते. चौथे अंग प्रत्यक्ष मागणीचे आणि पाचवे क्षमायाचनेचे, म्हणजे विधीत अथवा बोलण्यात काही उणे राहिले असल्यास ते पदरात घ्यावे, अशा विनंतीचे. प्रत्येक अंगाच्या शेवटी जमलेले गावकरी एकसुराने 'होय महाराजा' असा होकार भरतात.

या होकाराचे महत्त्व सहसा लक्षात घेतले जात नाही. वरवर पाहता तो ठरावीक प्रतिसाद आहे. परंतु रचनेच्या दृष्टीने तो निवेदनाचा विराम आहे आणि आशयाच्या दृष्टीने ती गावाची संमती आहे. बोलणाऱ्याने वाक्य कोठे तोडावे, एका श्वासात किती सांगावे, कोणत्या शब्दावर आवाज उतरवावा हे या होकाराच्या अपेक्षेने ठरते. वाक्य लांबले, अर्थ गोंधळला, तर होकार विस्कळीत येतो आणि बोलणाऱ्याला तेथल्या तेथे आपली चूक कळते. लिहिलेल्या निबंधावर शिक्षकाची लाल शाई आठ दिवसांनी उमटते. गाऱ्हाण्याची तपासणी त्याच क्षणी होते.

दुसरी गोष्ट, गाऱ्हाणे हे पाठही असते आणि नवेही असते. संबोधनाचा व क्षमायाचनेचा भाग बहुतांशी ठरलेला असतो. प्रसंग, माणूस आणि मागणी हे भाग दर वेळी बदलतात. बोलणाऱ्याने ठरीव शब्दबंध आणि ताजा आशय यांची जुळणी उभ्या उभ्या करावयाची असते. आल्बर्ट लॉर्ड यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या 'द सिंगर ऑफ टेल्स' या ग्रंथाने याच प्रक्रियेकडे जगाचे लक्ष वेधले. मिल्मन पॅरी आणि लॉर्ड यांनी १९३० नंतरच्या दशकात युगोस्लाव्हियातील निरक्षर गायकांच्या गायनाचा अभ्यास करून असे दाखविले की, हे गायक हजारो ओळी घोकून म्हणत नाहीत. परंपरेने दिलेल्या शब्दबंधांच्या साहाय्याने ते गाता गाताच रचना करतात. गाऱ्हाणे हे दीर्घ महाकाव्य नव्हे, चारसहा मिनिटांचे गद्य निवेदन आहे. तथापि रचनेचे तत्त्व दोहोंचे एकच आहे. पाठांतर हे तेथे साध्य नसून रचनेचे भांडवल आहे.

३

हे भांडवल कसे मिळविले जाते, हे पाहण्यासाठी याच भागातील जाखडीकडे वळणे उपयुक्त ठरेल. जाखडी, म्हणजेच मुंबईत 'बाल्या नाच' म्हणून ओळखला जाणारा प्रकार, गणेशोत्सवाच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव होतो. मध्यभागी शाहीर, ढोलकीवाला व झीलकरी बसतात आणि भोवती पायांत घुंगरू बांधलेले नर्तक फेर धरतात. तिचे कलगी आणि तुरा असे दोन पक्ष असतात. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. दोन पक्षांचा सामना लागला म्हणजे गण, गौळण झाल्यावर सवालजवाब सुरू होतात. एका पक्षाच्या शाहिराने पुराणातील एखादा कूट प्रश्न गाण्यातून टाकावयाचा आणि दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच सभेत त्याचे उत्तर द्यावयाचे, असा हा क्रम असतो.

शिक्षणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही एक पूर्ण अभ्यासपद्धती आहे. येथे गुरू आहे आणि शिष्यपरंपरा आहे. नवशिका प्रथम झील धरतो, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांमागे आपला आवाज मिसळतो. पुढे तो गुरूची पदे म्हणतो. त्यानंतर गुरूच्या चालीवर आपले शब्द बसवितो आणि सर्वांत शेवटी प्रतिपक्षासमोर उभा राहून उत्तर देतो. अनुकरणापासून स्वतंत्र रचनेपर्यंतचा हा क्रम कोणत्याही शिक्षणशास्त्रज्ञाने आखून द्यावा इतका सुसंगत आहे. शिवाय या परंपरेचे अक्षराशी वैर नाही. शाहिराजवळ पदांची हस्तलिखित वही असते, तो पोथ्या व पुराणे वाचतो किंवा वाचवून घेतो. वाचलेले बोलण्यात उतरते आणि बोललेले वहीत जाते. लेखी आणि मौखिक या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, ही समजूत ग्रंथालयात बसून झालेली आहे. गावात ती आढळत नाही.

याच भूमीने मराठी रंगभूमीला दिलेली एक साक्षही येथे नोंदविण्याजोगी आहे. खाडीपलीकडच्या माडबनचे गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक १९८० साली व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. गावातली हौशी मंडळी पौराणिक नाटक बसवितात आणि त्यात फजिती होते, असा त्याचा विषय आहे. त्यातील विनोद हा खेडवळ माणसांना हसण्याचा विनोद आहे, असे वरवर वाटते. बारकाईने पाहता तो दोन भाषांच्या घर्षणातून उत्पन्न होतो. पाठ केलेली भारदस्त भाषा पात्राच्या तोंडात अडखळते. त्याच पात्राची स्वतःची बोली सुरू झाली की तिला धार येते, समयसूचकता येते, युक्तिवाद येतो. दशावतारी नाटकांना लिखित संहिता नसते, नट आपले संवाद रंगमंचावरच रचतात, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे या नाटकाचे मर्म अधिक उकलते. त्याच्या यशात प्रमाणभाषेतील समीक्षेने शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आमच्या शाळांतील वक्तृत्वस्पर्धेत रोज जे घडते, तेच गवाणकरांनी रंगमंचावर आणले.

४

आता शाळेकडे वळू. जुन्या पंतोजींच्या शाळेत तोंडी शिक्षणाचा भाग मोठा होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून सामुदायिक रीतीने म्हणवून घेतले जात आणि दिवेलागणीस घरोघर परवचा चाले. या पद्धतीची निंदा पुष्कळ झाली आणि तीतील काही रास्तही होती. अर्थ न कळता घोकणे हा तिचा दोष होताच. परंतु व्यवहाराचा हिशेब तोंडी करता येणे हा तिचा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी सिद्धही होत असे. एकोणिसाव्या शतकात छापील क्रमिक पुस्तक आले आणि शिक्षणाचा केंद्रबिंदू पुस्तकाकडे सरकला. लाभ निर्विवाद झाला. एरवी ज्यांच्यापर्यंत विद्या कधीच पोचली नसती, त्यांच्यापर्यंत ती पोचली. मात्र याच वेळी एक अदलाबदल नकळत होऊन गेली. 'तोंडी' या शब्दाचा शाळेतील अर्थ पाठांतर एवढाच उरला. कविता पाठ म्हणणे, उतारा मोठ्याने वाचणे आणि स्पर्धेसाठी दुसऱ्याने लिहून दिलेले भाषण हातवाऱ्यांसह म्हणून दाखविणे, यांनाच आपण मौखिक अभिव्यक्ती म्हणू लागलो. परंपरेतील ठरीव अंश शाळेने उचलला; त्या अंशाचा ज्यासाठी उपयोग होता ती रचनाशक्ती बाहेरच राहिली.

या अवस्थेचे स्पष्ट दर्शन महाराष्ट्राच्या माध्यमिक शालान्त परीक्षेच्या अलीकडच्या इतिहासात घडते. भाषाविषयांसाठी ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण शाळेने घ्यावयाच्या तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे, अशी व्यवस्था होती. शाळा हे २० गुण सढळ हाताने देतात, असा आक्षेप घेऊन २०१८-१९ या वर्षी ते बंद करण्यात आले. मार्च २०१८ च्या परीक्षेचा निकाल ८९.४१ टक्के होता. मार्च २०१९ चा ७७.१० टक्के लागला. गदारोळ झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ८०-२० ची पद्धत पुन्हा आणण्याचा निर्णय झाला. निकालाच्या घसरणीला इतरही कारणे असतील. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. या सर्व वादात, विद्यार्थ्याला बोलता येते की नाही, हा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही. गुण काढून टाकणाऱ्यांनी ते खैरात म्हणून काढले आणि परत आणणाऱ्यांनी ते आधार म्हणून आणले. बोलण्याची परीक्षा प्रामाणिकपणे घेता येते, तिचे निकष ठरविता येतात, याविषयी दोन्ही बाजूंना सारखाच अविश्वास होता. देवळातील पन्नास माणसे ज्या गोष्टीची पारख एका होकाराने करतात, तिची पारख आपल्या परीक्षापद्धतीला अद्याप साधलेली नाही.

५

या प्रतिपादनावर काही आक्षेप येतील. त्यांचा विचार केल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हे.

पहिला आक्षेप असा की, मौखिक परंपरा अनिश्चित असते, तिच्यात काटेकोरपणा नसतो. मराठी गद्याचा आरंभकाळच या आक्षेपाचे उत्तर देतो. 'लीळाचरित्र' हा तेराव्या शतकातील ग्रंथ म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या सहवासातील माणसांना भेटून, त्यांच्या आठवणी ऐकून सिद्ध केला. एकाच प्रसंगाविषयी सांगणाऱ्यांत भेद असेल तर तोही नोंदविण्याची पद्धत त्या संप्रदायाने पाळली. मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाल्यावर हिराइसेच्या स्मरणातून तिचा पाठ पुन्हा उभा राहिला, असे परंपरा सांगते. ज्या भाषेचे आद्य गद्य ऐकीव शब्दाच्या इतक्या दक्ष जपणुकीवर उभे आहे, तिच्या अभ्यासकांनी ऐकीव म्हणजे ढिसाळ असे मानू नये.

दुसरा आक्षेप बोलीचा. मुलाला त्याच्या बोलीत बोलू दिले तर प्रमाणभाषा कशी येणार, ही शंका अनेक शिक्षकांना व त्यांच्याहून अधिक पालकांना वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात या शंकेचे प्रत्यक्ष उत्तर आहे. मुलांच्या परिसरातील वस्तू, गाणी आणि गोष्टी यांपासून त्यांनी आरंभ केला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर नेली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही, शक्य तेथे किमान पाचव्या इयत्तेपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, असे म्हटले आहे. या शिफारशीत 'मराठी' हे एकच एक रूप गृहीत धरले, तर नाट्याच्या मुलाच्या पदरी काहीच पडणार नाही, कारण पुस्तकातील मराठी त्याच्या घरचे नव्हे. बोलीत नीट मांडलेला विचार प्रमाणभाषेत नेणे सोपे असते. मुळात न मांडलेला विचार कोणत्याच भाषेत नेता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो मान्य केला पाहिजे. गाऱ्हाणे घालण्याचा मान सर्वांचा नसतो. तो गुरवाचा, गावकराचा, मानकऱ्याचा असतो. स्त्रियांना तो नाही, आणि जातीच्या उतरंडीत खाली गणलेल्यांना देवळाच्या पायरीपलीकडे उभे ठेवण्याचा इतिहास कोकणालाही आहे. साखरी नाट्यातील मुसलमान मुलाचा तर या विधीशी संबंधच नाही. म्हणून गाऱ्हाणे जसेच्या तसे वर्गात आणावे असे कोणी सुचविल्यास ते अयोग्य होईल. परंतु विधी निराळा आणि त्यातील रचनाविद्या निराळी. संबोधन, प्रसंग, बोलणाऱ्याची ओळख, मागणी आणि आपल्या मर्यादांची जाणीव ही पाच अंगे कोणत्याही जातीच्या वा धर्माच्या मुलामुलीला शिकता येतील. जात्यावरची ओवी, गौरीच्या फेरातील गीते, होडीवरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले वाऱ्यापाण्याचे ज्ञान, यांतही अशाच विद्या दडलेल्या आहेत. ज्या विद्येवर काहींचाच वहिवाटी हक्क होता ती सर्वांना खुली करणे, हेच तर सार्वजनिक शाळेचे काम आहे. देवळाने जे मोजक्यांना दिले, ते शाळेने सगळ्यांना द्यावे.

६

हे सारे केवळ वाङ्मयीन कुतूहल नाही, हे या टापूच्याच इतिहासाने दाखविले आहे. माडबन येथे ९९०० मेगावॉटच्या अणुऊर्जा प्रकल्पाची योजना झाली. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे अशा प्रकल्पासाठी जनसुनावणी आवश्यक असते आणि त्यानुसार ती १६ मे २०१० रोजी झाली. प्रकल्प योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. त्या अधिसूचनेतील एक तरतूद मात्र भाषेच्या अभ्यासकाने अवश्य वाचावी. सुनावणीत मांडल्या गेलेल्या मतांचे व आक्षेपांचे निवेदन तयार करून ते सभेच्या अखेरीस उपस्थितांना स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवावे, असे तीत सांगितले आहे. म्हणजे विसाव्या शतकाने कागदाच्या स्वाधीन केलेल्या राज्यकारभारात एकविसाव्या शतकाच्या कायद्याने बोललेल्या शब्दाला पुन्हा जागा करून दिली. हे गाऱ्हाणेच आहे. फरक इतकाच की समोर देव नाही, अधिकारी आहे.

मराठीतील अहवाल गावांत वेळेवर मिळाले नाहीत, अशी ग्रामस्थांची तक्रार त्या वेळी पुढे आली होती. ते कागद मिळणे हा त्यांचा हक्क होता. परंतु कागद मिळाल्यावरही एक काम उरतेच. शेकडो पानांच्या अहवालातील कोणती बाब आपल्या समुद्राशी, आपल्या कलमांशी, आपल्या जाळ्याशी निगडित आहे ते ओळखणे, ती मोजक्या शब्दांत मांडणे, समोरच्याने उत्तर दिल्यावर प्रतिप्रश्न करणे आणि शेवटी वाचून दाखविलेले निवेदन आपण बोललो तसेच आहे की नाही हे कान देऊन पारखणे, एवढी कौशल्ये एका नागरिकापाशी लागतात. यांतील एकही कौशल्य निबंध लिहून येत नाही. पुढील वर्षी, १८ एप्रिल २०११ रोजी, नाटे येथे आंदोलन चिघळून पोलिसांच्या गोळीबारात साखरी नाट्यातील एका तरुणाचा बळी गेला. अशा घटनेची कारणे अनेक असतात आणि ती भाषेत शोधणे भाबडेपणाचे होईल. तरीही बोलणे ऐकले जाते आणि बोलण्याने काही घडते, हा विश्वास ज्या समाजात टिकतो, तेथे शब्दांना अधिक काळ वाव मिळतो, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

यावरून शाळेसाठी काही साध्या सूचना निघतात. तोंडी परीक्षेत पाठ केलेल्या मजकुराला वेगळे व अल्प गुण असावेत आणि मुख्य गुण तयारीविना मांडलेल्या निवेदनाला व त्यावरील प्रश्नोत्तरांना असावेत. परीक्षक एकटा शिक्षक नसावा. वर्गानेही श्रोता म्हणून, काय कळले आणि काय कळले नाही ते सांगावे. आठवड्यातून एकदा मुलांनी गावातील एखादी खरी अडचण, विहिरीची, रस्त्याची, जेटीची, आपल्या बोलीत मांडावी व मग तीच प्रमाणभाषेत मांडावी. जाखडीचा शाहीर, होडीवरचा तांडेल, ओव्या जाणणारी वृद्धा यांना वर्षातून एकदा हारतुरे देऊन परत पाठविण्यापेक्षा महिन्यातून एक तास वर्ग त्यांच्या हाती द्यावा. यांपैकी कशालाही नवी इमारत लागत नाही. विद्यापीठांच्या मराठी विभागांकडेही एक काम राहते. लोकसाहित्याच्या संकलनाचे मोठे कार्य दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर आदींनी केलेलेच आहे. त्या संकलनांतून बोलण्याच्या रचनेचे नियम काढून शिक्षकांच्या हाती देणे, हे पुढचे काम विभागांनी अंगावर घ्यावयास हवे.

गाऱ्हाणे घालणारा माणूस शेवटी बोलण्यात राहिलेल्या उणिवेबद्दल क्षमा मागतो, आणि तरीही गावाचे मागणे त्याने पूर्ण सांगितलेले असते. नाट्याच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला, कोणाच्याही समोर आणि स्वतःच्या शब्दांत, एवढे करता आले तर भाषेचे शिक्षण सफल झाले असे म्हणता येईल.